टाकीचा निपल परत परत गळतोय? एम-सील राहू द्या, आधी वायसर बघा

"एम-सीलची दोन पाकिटं द्या की ओ, टाकी परत गळायलीय." उन्हाळा तोंडावर आला की बेळगावात शहापूर-वडगावकडच्या हार्डवेअरच्या काउंटरवर हे वाक्य रोजचेच. गिऱ्हाईक तेच, टाकी तीच, गळतीची जागाही तीच: तळाशी पाईप बाहेर पडतो तो निपल. गेल्या वर्षीच्या एम-सीलवर यंदाचे एम-सील, त्यावर कुणीतरी फासलेले सिलिकॉन, आणि या सगळ्या थरांच्या खालून थेंब चालूच.

माल विकणाऱ्याने हे सांगू नये, पण सांगतो. त्या जागी बाहेरून काहीही फासले तरी गळती कायमची थांबत नाही. एम-सील वाईट नाही, लोखंडी पाईपवर ते चांगले काम देते. पण गच्चीवरची टाकी पॉलिइथिलीनची असते आणि या प्लास्टिकला जवळजवळ काहीच धरत नाही. एम-सीलसारखी एपॉक्सी नाही, सिलिकॉन नाही, पाईप जोडायचे सोल्यूशन तर नाहीच नाही. एम-सील वाळून निपलभोवती कडक बांगडी होते एवढेच. टाकी भरली की भिंत थोडी बाहेर फुगते, रिकामी झाली की आत येते. बांगडी जागची हलत नाही, भिंत हलते, आणि मधे केसाएवढी फट पडते. पाण्याला तेवढी पुरते.

आपल्याकडे हे जास्त होते, त्याला कारण आहे. बेळगावात काही वॉर्डांत चोवीस तास पाणी येते, बाकीच्यांना राकसकोप आणि हिडकल धरणांचे पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा. पाणी आले की टाकी तुडुंब, पुढची पाळी येईपर्यंत तळ गाठलेला. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन, आणि ते आठवड्यातून दोन-तीनदा चढते-उतरते. जिथे पाणी कायम असते तिथली टाकी फारशी हलत नाही. आपली सारखी श्वास घेत असते.

दाबामुळे गळते असे पुष्कळ जण धरून चालतात. हिशोब करून बघा. हजार लिटरच्या टाकीत पाणी साधारण सव्वा मीटर उभे राहते. दहा मीटर उंच पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे टाकीच्या तळाशी तो जेमतेम सव्वाशे ग्रॅम. घरातल्या प्रेशर पंपाच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही. एवढ्या दाबाला रबराचा एक नीट बसलेला वायसर आरामात अडवतो. तो अडवत नसेल तर वायसर चुकीच्या जागी आहे, चुकीचा आहे, नाहीतर कुणीतरी निपलला ओढतोय. कारणे बहुतेक या तिघांतच सापडतात.

पण त्याआधी पाणी नक्की कुठून येते ते बघा. निम्म्या वेळा निपलचा काही संबंधच नसतो.

कापडाने सगळे कोरडे पुसा, निपल, त्याला टाकीच्या भिंतीवर आवळणारा चेक नट, गेट वॉल, खालचा एल्बो, सगळे. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून एक चेक नटभोवती गुंडाळा, एक निपल आणि वॉलच्या जोडावर, एक वॉलच्या दांडीखाली. पंधरा मिनिटे थांबा. पाणी खाली ओघळते, म्हणून खालची पट्टी भिजली यावरून काही कळत नाही. सगळ्यांत वरची जी भिजली, गळती तिथे. पण टाकीच्या अंगावर वरपासूनच ओला ओघळ दिसला तर आधी बॉलकॉक बघा, म्हणजे टाकी भरली की येणारे पाणी बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा वॉल. तो पूर्ण बंद होत नसला की पाणी झाकणाखालून बाहेर येऊन भिंतीवरून उतरते आणि नेमके निपलच्या कडेला जमते.

दांडीखालची पट्टी भिजली तर काम पाच मिनिटांचे आहे. गेट वॉलच्या दांडीभोवती छोटा नट असतो, तो पाव आटा आवळा. तरी थेंब येत असेल तर वॉल बंद करा, तो नट सोडा, दांडीभोवती टेफ्लॉनचा पीळ देऊन भरा आणि नट परत बसवा. एवढ्याशा कामासाठी लोक अख्खे फिटिंग कापून नवे बसवतात. माझा माल खपतो, माझी तक्रार नाही.

पाण्याची पातळी अर्ध्यावर आली की गळती आपोआप थांबते, असे असेल तर निपल सोडून द्या. टाकीच्या भिंतीला कुठेतरी वर चीर आहे. गळती ज्या पातळीला थांबते त्याच उंचीवर शोधा.

आणि हे सगळे मिरगाच्या आधी उरका. एकदा पाऊस लागला की स्लॅबवरची ओल टाकीची की आभाळाची हे बेळगावात ऑक्टोबरपर्यंत कळत नाही. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर पाणी. पाण्याचे जाऊ द्या, ते रोज एकाच जागी स्लॅबमध्ये मुरले की खालच्या खोलीचा गिलावा फुगतो आणि आतली सळई गंजू लागते.

वायसर पाण्याच्या बाजूला

आता मुख्य गोष्ट. चेक नटभोवतीची पट्टी भिजली असेल तर बहुतेक वेळा निपल बाहेरून बसवलेला सापडतो. म्हणजे निपलचे रुंद बूड आणि रबर टाकीच्या बाहेर, आत नुसता नट. प्लंबरला ते सोपे पडते, आत हात घालून फक्त नट धरला की झाले. पण अशाने आतले पाणी नटाच्या आट्यांतून भोकात शिरते, भिंतीच्या जाडीत येते, आणि बाहेरच्या रबराला मागून ढकलत बसते. रबर ढकलले जाईल तसे सैल होते. तेच रबर आत असेल तर पाणी त्याला भिंतीवर दाबते. टाकी जितकी भरेल तितके रबर घट्ट. फिटिंग तेच, रबर तेच, फरक फक्त बाजूचा.

फायबरच्या होडीच्या तळातून पाईप काढतात तिथेही हाच नियम आहे, फक्त आत-बाहेर उलटे. पाणी बाहेर, म्हणून फिटिंगचे रुंद बूड आणि त्याखालचे सीलंट होडीच्या बाहेरच्या अंगाला, नट आत. कृष्णाकाठच्या चिकोडी, रायबागकडे 2019 च्या पुरात बोटी घराघरांपर्यंत गेल्या. त्यानंतर तिकडच्या कुणीकुणी बोटीच्या निचऱ्याच्या बुचाचेही विचारले, म्हणून इथे लिहितो. बोटीला पॉलियुरेथेनचे सीलंट चालते, कारण फायबरला ते घट्ट चिकटते. जुने सीलंट पूर्ण खरवडायचे, पॉलिश पेपर मारायचा, कोरडे करायचे, बुडाखाली भरपूर लावून नट हाताने आवळायचा, सगळ्या कडेने थोडे बाहेर येऊ द्यायचे, वाळू द्यायचे, मग शेवटचा आटा द्यायचा. आधीच पूर्ण आवळले तर सीलंट सगळे बाहेर पडते आणि मधे काही उरत नाही. बोटीचे हे व्हिडिओ बघून लोक तीच ट्यूब टाकीला लावतात. टाकीला ती धरत नाही, कारण टाकी फायबरची नाही. टाकीला रबरच.

रबर कसले? काळे, तीन मिलिमीटर जाड, नखाने दाबले की दबून लगेच वर येणारे. दुकानात ईपीडीएम म्हणून मागा. सायकलच्या ट्यूबचे कापून लावलेले वायसर पुष्कळ टाक्यांत सापडतात. वेळ निभावते, पण ट्यूब पातळ असते म्हणून दोन-तीन घड्या घालतात, आणि पाणी त्या घड्यांच्या मधून वाट काढते. वायसरचे भोक आट्यांवर घट्ट बसेल एवढेच हवे आणि बाहेरचा घेर निपलच्या बुडाएवढा. बुडापेक्षा मोठे रबर कडेला नुसते लोंबते, त्याचा उपयोग नाही.

टेफ्लॉन टेपबद्दल. चेक नटाच्या आट्यांवर टेपचे वीस वेढे दिलेले मी बघतो. त्या आट्यांनी पाणी अडवायचेच नसते, ते फक्त दाबायचे काम करतात. टेपने नट लवकर जड लागतो, आपल्याला वाटते आवळला, आणि रबर अजून सैलच असते. टेप लावायची ती निपल आणि वॉल जोडतात त्या आट्यांवर, आटे फिरतात त्याच दिशेने, सात-आठ वेढे. लोखंडी आट्यांवर सुतळी चालते. सफेदा, म्हणजे आट्यांना फासायची पांढरी पेस्ट, मात्र पिण्याच्या पाण्याच्या टाकीला लावू नका. जुन्या पद्धतीच्या सफेद्यात शिसे असते.

भोक

निपल बाहेर काढलात की भोकाकडे नीट बघा. घाईत काम करणारे पाईपचा तुकडा चुलीवर लाल करतात आणि टाकीत खुपसतात. भोक पडते, पण कडेने वितळलेल्या प्लास्टिकचा उंचवटा उभा राहतो. रबर त्या उंचवट्यावर टेकते, भिंतीवर नाही, आणि कितीही आवळले तरी दोन बाजूंनी फट राहते. कटरने तो उंचवटा भिंतीला सपाट कापून काढा, मग एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. आतल्या बाजूलाही. अथणी, कागवाडकडे बोअरचे पाणी जड असते, तिथे आतून क्षाराचा पांढरा थर चढलेला असतो. तो थर ठेवून वर नवे वायसर बसवणे म्हणजे खडबडीत दगडावर बसवणेच झाले. आधी घासून काढा.

नवीन भोक पाडायचे तर होल सॉनेच, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने. एक इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास तेहतीस मिलिमीटर भरतो, त्याला पस्तीसचा सॉ बरोबर. प्लास्टिकचे टँक निपल मात्र नावाने एक इंची असले तरी अंगाने जाड असतात आणि कंपनीगणिक वेगळे, म्हणून निपल हातात घेऊन मोजा, मग सॉ निवडा. भोकाची जागाही कंपनीने दिलेली असते. तळापासून थोड्या उंचीवर भिंतीत एक सपाट चकती दिसते, भोक तिच्यातच पाडायचे. गोल भिंतीवर सपाट वायसर बसत नाही. आणि अगदी तळाला चिकटून भोक नको. गाळ पाईपमध्ये जातो, शिवाय तिथे भिंत आणि बूड मिळते तो वळसा असतो, तिथे फिटिंग कधीच सरळ बसत नाही.

तीन थरांच्या टाकीत मधला थर पुष्कळदा फोमसारखा असतो. चेक नट आवळला की तो थर आज दबतो, उद्या आणखी थोडा दबतो, आणि नट आपोआप सैल होतो. अशा टाकीला परत आवळणे ठरलेलेच, ते खाली सांगतो.

पाईपचे ओझे

सगळे नीट बसवूनही तीन महिन्यांत गळायला लागले तर निपल सोडून खालचा पाईप बघा. जड पितळी गेट वॉल, त्याखाली सात-आठ फूट उभा पाईप, आणि हे सगळे ओझे निपलवर लटकलेले. वाळत घातलेले कपडे काढताना कुणीतरी त्या पाईपवर पाय देते. खानापूरकडे वानरे टाकीवरून उडी मारतात ती थेट पाईपवर. टाकी भरली की निपल थोडा बाहेर आणि खाली सरकतो, पण पाईप भिंतीला पक्का असेल तर तो सरकू देत नाही. मग रबर एका बाजूला चेपते, दुसऱ्या बाजूला उघडते.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही करा. पाईपला वॉलच्या लगेच खाली स्वतःचा आधार द्या. कठड्याला क्लँप, नाहीतर खाली विटेचा छोटा खांब. आणि वॉलनंतर एक युनियन, म्हणजे पाईप न कापता उघडता येणारा जोड, टाका, जमल्यास पुढे लवचिक होजचा फूटभर तुकडा. युनियन स्वस्त असते, तरी इस्टिमेटमध्ये पहिली तीच कापली जाते. पुढच्या वेळी टाकी धुवायची झाली की तीच उपयोगी पडते, नाहीतर पाईप कापावा लागतो.

टाकीखालची बैठकही बघा. चार ब्लॉक आणि वर शहाबादी फरशी, त्यावर टाकी, हे आपल्याकडे घरोघरी आहे. फरशी टाकीच्या बुडापेक्षा लहान असेल तर निपलच्या बाजूचे बूड हवेत राहते आणि भरल्यावर खाली झुकते. पूर्ण बूड सपाट टेकले पाहिजे, कडेला चार बोटे जागा उरली पाहिजे. खाली खडा राहिला तरी काही महिन्यांत तो बुडाला चीर पाडतो.

बसवताना

पाणी येण्याच्या आदल्या दिवशी काम धरा, टाकी तशीही रिकामी होत आलेली असते. उरलेले पाणी बादल्यांत काढा. पाईप सोडवून दोघांनी टाकी आडवी करा, म्हणजे झाकणातून हात आत पोचतो. मोठी टाकी असेल आणि कुणाला आत उतरावे लागले तर बाहेर दुसरा माणूस उभा हवा, आणि आत सोल्यूशनचा डबा उघडायचा नाही. त्याच्या वाफेने भोवळ येते.

निपल आतून बाहेर घालायचा. बूड आत, बुडाखाली रबर, मग टाकीची भिंत. बाहेरच्या बाजूला प्लास्टिकचा किंवा स्टीलचा सपाट वायसर, त्यावर चेक नट. बाहेरच्या बाजूला दुसरे रबर घातले तर हरकत नाही, पण आतले रबर टाळून नुसते बाहेरचे नको.

आवळताना आतले बूड दुसऱ्या पान्याने स्थिर धरायचे आणि फक्त बाहेरचा नट फिरवायचा. आतला निपल फिरला की रबर पिळवटते, एका बाजूने बाहेर डोकावते, आणि तिथूनच गळते. नट हाताने जाईल तेवढा लावा, मग पान्याने अर्धा ते पाऊण आटा, बस. रबर बुडाच्या कडेने किंचित फुगलेले दिसले की झाले. आणखी जोर लावणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी येतात: बाहेर पडलेले रबर, नाहीतर फुटलेला प्लास्टिकचा नट.

वॉल जोडताना निपलला पान्याने धरून मगच वॉल फिरवा, नाहीतर आताच बसवलेले रबर परत फिरते. प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत लोखंडी किंवा पितळी आटे भरपूर टेप लावून कोंबू नका. टेप पाचर ठोकल्यासारखी काम करते आणि सॉकेट उभे चिरते. तिथे पितळी आटे घातलेला एफटीए, म्हणजे आतून आटे असलेला जोड, वापरा. सीपीव्हीसीच्या पाईपला सीपीव्हीसीचेच सोल्यूशन, यूपीव्हीसीला त्याचे. रंगावरून अंदाज करू नका, डब्यावर वाचा.

पहिले पाणी निपलच्या वर हातभर येईपर्यंतच भरा. वर्तमानपत्राची पट्टी चेक नटाला लावून पंधरा मिनिटे थांबा. कोरडी राहिली तर टाकी पूर्ण भरा. दोन पाण्याच्या पाळ्या झाल्या, टाकी दोनदा भरली आणि उतरली, की आतले बूड धरून नट आणखी पाव आटा द्या. तीन थरांच्या टाकीला हे चुकवू नका.

एवढे करूनही पट्टी भिजली तर भोकाच्या कडेला चीर गेली आहे का ते बोट फिरवून बघा, नख अडकते. चिरेच्या टोकाला पाच मिलिमीटरचे छोटे भोक पाडले तर ती पुढे जात नाही, आणि त्याच प्लास्टिकची पट्टी गरम हवेने वितळवून वेल्डिंग करणारे शहरात मिळतात. पण चीर वायसरच्या खालून जात असेल तर ती जागा सोडून द्या. चीर वेल्ड करून घ्या, जुन्या भोकात निपल आणि रबर बसवून त्यावर एंड कॅप, म्हणजे बंद टोपण, लावा, आणि दोन हात बाजूला सपाट जागा बघून नवे भोक पाडा.

टाकीच्या अंगावर हात फिरवल्यावर पांढरी भुकटी हाताला लागत असेल, कडेने बारीक जाळी पडलेली दिसत असेल, तर उन्हाने प्लास्टिक मेलेले आहे आणि त्यात कुठलाही निपल टिकणार नाही. एम-सील तर नाहीच. अशी टाकी आडवी कापून म्हशींच्या पाण्याला चालते. भंगारवाला किलोमागे फार काही देत नाही.